अठराशे पासष्टनंतरची पानं

१२ मे १९७८

ही डायरी विम्याच्या एजंटाने जानेवारीत दिली होती. चार महिने कपाटावर पडून होती. दिवसभर दुसऱ्यांचं लिहिलेलं वाचून झालं, आता आपणही काही लिहावं अशी खुमखुमी आली, म्हणून आज काढली.

एम. ए. इंग्रजीचे पेपर तपासतो आहे. विषय अमेरिकन साहित्य. पहिला प्रश्न मीच काढलेला: प्रमुख कालखंड आणि चळवळी, गुण वीस. सगळी पोरं एकच उत्तर लिहितात आणि ते उत्तर माझं असतं. आधी समुद्र ओलांडून आलेले कडवे धर्मनिष्ठ, मग बुद्धिवाद आणि स्वातंत्र्याची पत्रकं, मग रानात जाऊन देव शोधणारे, मग यादवी युद्ध, वास्तववाद, निसर्गवाद, पहिल्या महायुद्धानंतरची भरकटलेली पिढी. वर्गात मी उतरवून देतो तसं, कुठे काना-मात्रेचा फरक नाही. मध्ये गुलामांच्या आत्मकथनांबद्दल माझं एक वाक्य आहे: 'हा प्रवाह १८६५ साली गुलामीबरोबर आटतो; कारण संपलं, म्हणून साहित्य संपलं.' इंग्रजीत ते फारच झोकात वाटतं. बारा वर्षं ते प्रत्येक पेपरात येतं आणि प्रत्येक वेळी माझी कॉलर ताठ होते.

आज एक पेपर मात्र वाकड्यात शिरला. बारीक, डावीकडे झुकलेलं अक्षर, पानं गच्च भरलेली. म्हणतो, तो प्रवाह आटलाच नाही. न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत १९२०च्या सुमारास त्याला बहर आला, आणि गेल्या दहा-पंधरा वर्षांत तो पुन्हा उसळला आहे. यावर चार पानं. माझ्या नोट्सच्या बाहेर जाऊन शहाणपण. मार्जिनमध्ये लाल शाईने लिहिलं, 'चूक. हा प्रवाह १८६५ नंतर संपतो,' आणि वीसपैकी चार दिले. पेपरवर नाव नसतं, नंबर असतो, तेव्हा कोणाचा कोण जाणे. शिस्त लागायलाच पाहिजे.

जेवायला आमरस होता. कूलरची खस सत्यवतीने ओली केली होती, झोप छान लागली.

२६ मे

पेपर गेले. मान मोकळी झाली.

सीताबर्डीवरून भैय्याजी आले होते. माझं गाइड त्यांनीच छापलं आहे. आता त्यांना मराठीत पुस्तक हवं, अमेरिकन साहित्याची वाटचाल, सामान्य वाचकांसाठी. म्हणाले, सर, तुमच्यासारखा अधिकारी माणूस दुसरा कोण आहे विदर्भात. मी नाही-नाही म्हणत शेवटी हो म्हटलं. ऑगस्टमध्ये आमचे विभागप्रमुख निवृत्त होतात. त्या खुर्चीसाठी पुढचा नंबर माझा. हातात पुस्तक असलेलं बरं.

नरखेडकडच्या संत्र्याच्या बागेतून आलेला गिरिधर चरपे, आणि अधिकारी माणूस. कॉलेजच्या पहिल्या वर्षाला मी उभं राहून इंग्रजी उतारा वाचला होता तेव्हा अख्खा वर्ग हसला होता, बाकं वाजवून. त्या दिवसापासून मी पाठ केल्याशिवाय इंग्रजीत तोंड उघडलेलं नाही. नोट्सचं हेच बरं असतं. त्यात घसरायला जागा नसते.

१९ जून

निकाल लागला. दुपारी ताराचंद गजभिये घरी आला. कामठीचा पोरगा, आमच्या वर्गातला. सायकल मारत कॉलेजला यायचा आणि तासाच्या पाच मिनिटं आधी पहिल्या बाकावर हजर असायचा. सेकंड क्लास सहा गुणांनी गेला. बाकी सगळ्या पेपरांत चांगला आहे, माझ्याच पेपरात घसरला.

तक्रार करायला आला असेल म्हणून मी जरा घसा खाकरून बसलो होतो. पण तो पाया पडला आणि खुर्चीच्या कडेवर टेकला.

"सर, मी कुठं चुकलो ते सांगा फक्त. पुढं कोणाले शिकवायची वेळ आली तं चूक जायला नाही पाहिजे माह्या हातून."

मी म्हणालो, पेपर तपासणाऱ्याच्या मनात काय असतं ते कोणी सांगावं, मेहनत कमी पडली असेल. तो हो म्हणाला. लगेच हो म्हणाला याचंच मला विशेष वाटलं. सत्यवतीने त्याला सरबत दिलं. गेल्यावर ती बराच वेळ माझ्याकडे बघत होती. मी विचारलं काय झालं, तर म्हणाली काही नाही.

२७ जून

पुस्तकासाठी सनावळ्या पडताळून घ्याव्यात म्हणून मुंबईच्या एका वाचनालयातून टपालाने एक जाडजूड इतिहास मागवला होता, तो आज आला. खरं सांगायचं तर असा अख्खा इतिहास मी कधी वाचलेलाच नाही. अमेरिकन म्हणून मी चार कादंबऱ्या, एक कवितासंग्रह आणि माझे गुरू आनंदरावसर यांची वही एवढंच वाचलं आहे. हे मी या डायरीशिवाय कुठे कबूल करणार नाही.

सहज अनुक्रमणिका चाळली. अकरावं प्रकरण, हार्लेमचं नवजागरण. तब्बल चौतीस पानं.

२८ जून

प्रकरण वाचलं. दोनदा वाचलं. दक्षिणेच्या शेतांवरून लाखो लोक गाड्यांत बसून उत्तरेच्या शहरांत आले. एका वस्तीत कवी, कथाकार, गाणारे, वर्तमानपत्र काढणारे, सगळे एकत्र जमले. आम्ही आहोत, आम्ही सुंदर आहोत, आमचं आम्ही सांगू, असं ते म्हणाले. पुढे मंदी आली, युद्ध आलं, तरी ते लिहीतच राहिले. गुलामी कायद्याने गेली, पण पाण्याच्या नळापासून बसच्या बाकापर्यंत सगळं वेगळंच राहिलं. त्यामुळे लिहायचं कारण कुठेच गेलं नव्हतं.

हे सगळं त्या पेपरात होतं. त्या चार पानांत. उलट त्याने जे नेमकेपणाने मांडलं होतं, ते या पुस्तकवाल्यालाही तितकं जमलेलं नाही.

जेवण गेलं नाही.

२९ जून

शांत डोक्याने विचार केला. चूक माझी नाहीच मुळी. मी आनंदरावसरांच्या वहीतून शिकवलं. सरांनी एकोणीसशे बासष्टला कुठल्याशा थंड हवेच्या ठिकाणी उन्हाळी वर्गात बसून अमेरिकन प्राध्यापकांकडून ते उतरवून घेतलं होतं. मी नोकरीला लागलो तेव्हा ती वही त्यांनी मला वर्षभर वापरायला दिली. त्या वहीत जे नाही ते माझ्या वर्गात कुठून येणार? सरांचंच राहून गेलं असणार, किंवा त्या अमेरिकन लोकांनीच हात आखडता घेतला असेल. आपल्या घरातलं कोण बाहेर सांगतो?

याने बरं वाटलं. रविवारी सरांकडे जाऊन खात्री करून घेतो.

२ जुलै

धरमपेठेत सरांकडे गेलो. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, माणसं आवाजाने ओळखतात. पायऱ्या चढताना मी मनात पक्कं ठरवून आलो होतो: वही बघायची, तो भाग त्यात नाही हे सरांना कळू द्यायचं नाही, नुसतं बघून यायचं आणि मोकळं व्हायचं. आपल्या गुरूच्या चुकीवर पांघरूण घालणारा उदार शिष्य, अशी माझी मलाच छबी दिसत होती. लिहितानाही शरम वाटते.

वही मिळाली. निळ्या पुठ्ठ्याची. सर म्हणाले, अनायासे हातात आहेच तर वाचून दाखवा, मला आता वाचता येत नाही. मी विचारलं, कुठून? म्हणाले, यादवी युद्धाच्या पुढे.

पान एकसष्ट. त्यात सगळं आहे. एकसष्टपासून सदुसष्टपर्यंत. युद्धानंतरचे काळे लेखक, हार्लेम, त्यातल्या कवितांचे उतारे, आणि शेवटी सरांच्या हातचं टिपण: 'हा भाग घाईत सांगू नये.' मी मोठ्याने वाचत गेलो. मध्ये दोनदा अडखळलो, पण सरांना वाटलं की मजकुरामुळे.

मग आठवलं. मार्च १९६६. माझं पहिलंच वर्ष. परीक्षा तोंडावर आलेली, दोन तास उरलेले, आणि अजून दोन महायुद्धं व्हायची बाकी. मी सात पानं एकदम उलटली. पण अलीकडचं वाक्य नि पलीकडचं वाक्य यांचं जुळेना. वर्गात साठ माना खाली, साठ पेनं थांबलेली. तेव्हा सांधा बसवायला एक वाक्य मी तिथल्या तिथे जुळवलं. कारण संपलं, म्हणून साहित्य संपलं. पोरांनी ते उतरवलं. मागच्या बाकावरून कोणीतरी 'वा सर' म्हणालं. पुढच्या वर्षी मी वही बघितलीच नाही, माझ्याच पोरांच्या नोट्सवरून शिकवलं.

वाचून झाल्यावर सर म्हणाले, "चरपे, हाच भाग मला सगळ्यात जवळचा वाटायचा. तुम्ही सांगता ना पोरांना हा?"

मी म्हणालो, "हो सर, सांगतो."

आंधळ्या होत चाललेल्या म्हाताऱ्या गुरूच्या तोंडावर मी खोटं बोललो, आणि त्यांनी खूश होऊन मला चहा दिला. तो मी प्यायलोसुद्धा.

५ जुलै

हिशेब लावून पाहिला, लावायला नको होता. बारा वर्षांच्या बारा तुकड्या. त्यांतले निदान वीस जण आज भंडाऱ्यापासून यवतमाळपर्यंत कॉलेजांत शिकवतात. तेही पेपर तपासतात, आणि हे वाक्य दिसलं नाही तर गुण कापतात. गाइडमध्ये ते ठळक अक्षरांत आहे. सात समुद्रांपलीकडच्या एका अख्ख्या समाजाचं शंभर वर्षांचं बोलणं मी एका वाक्यात बंद केलं, आणि विदर्भभर त्याच्या प्रती वाटल्या.

भैय्याजींचा निरोप आला, पहिलं प्रकरण कधी देता. तब्येत बरी नाही म्हणून कळवलं.

९ जुलै

ताराचंद आला. मौद्याच्या पुढे एक नवं कॉलेज निघालं आहे, तिथे इंग्रजीची जागा आहे. मुलाखत अठ्ठावीसला. सेकंड क्लास पाहिजे अशी अट आहे, पण जाऊन तर बघतो, म्हणाला. माझं शिफारसपत्र हवं होतं.

मी इतकं सुंदर पत्र लिहून दिलं की ते वाचता वाचता त्याचे कान लाल झाले. व्यासंगी, चिकित्सक, स्वतंत्र बुद्धीचा. सगळे शब्द खरे होते. देताना मला हलकं वाटलं, जणू फेडून टाकलं सगळं. तो गेल्यावर लक्षात आलं की त्याला पत्र नको, सहा गुण हवे आहेत, आणि ते माझ्यापाशी आहेत.

जानेवारीतला एक तासही आज आठवला. त्याने वर्गात उभं राहून विचारलं होतं, "सर, कायद्यानं गुलामी संपली म्हंजे लिहायचं कारण संपते काय?" मी म्हटलं होतं, "गजभिये, तुम्हाला परीक्षा द्यायची आहे की मोर्चा काढायचा आहे?" वर्ग हसला होता, बाकं वाजवून. तो खाली बसला. पुढच्या तासाला पुन्हा पहिल्याच बाकावर होता.

मी त्या हसण्यातून गेलेलो आहे. मला ठाऊक आहे ते कुठे लागतं. तरी केलं.

१२ जुलै

विद्यापीठाच्या कचेरीत गेलो. एका मित्राची अडचण आहे अशी थाप मारून चौकशी केली. परीक्षकाने स्वतः लेखी दिलं की गुण देताना चूक झाली, तर पंचवीस तारखेपर्यंत विचार करतात. चार दिवसांत नवी गुणपत्रिका मिळू शकते. कारकून हसून म्हणाला, पण साहेब, असं लिहून देणारा परीक्षक मी पंधरा वर्षांत पाहिला नाही. मीही हसलो.

लिहून दिलं तर काय होईल ते स्पष्टच आहे. परीक्षकांच्या यादीतून नाव जाईल. विभागप्रमुखाची खुर्ची जाईल. स्टाफरूममध्ये चहा पिताना माझी पाठ वळली की मागे बोलतील: बागेतला माणूस, त्याला काय कळणार.

१६ जुलै

आज चार वेळा पत्र लिहायला बसलो. चार वेळा फाडलं. दर खेपेला पहिल्या दोन ओळी कामाचा बोजा, उन्हाळा आणि पेपरांची संख्या यांतच जातात.

स्वतःची समजूत घालतो आहे की निदान हे अजाणता झालं. मला माहीत नव्हतं तो भाग खरा आहे, आणि पेपर कोणाचा तेही माहीत नव्हतं. अज्ञान हा काही गुन्हा नाही.

२० जुलै

हे लिहायचं नव्हतं, पण लिहितो.

संध्याकाळी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून सत्यवतीला सगळं सांगितलं. वही, सात पानं, वाक्य, सहा गुण. ती गवार मोडत होती. शेवटी मी म्हणालो, पेपर कोणाचा होता ते मला काय माहीत, नाहीतर मी असं केलं असतं का?

तिने हातातली शेंग ताटात टाकली.

"तुम्हाले माहीत होतं."

मी म्हणालो, नंबर असतो त्यावर, नाव नसतं.

"तुम्हीच तं सांगितलं जेवताना. मी आमरस वाढून राहिली होती. म्हणे, गजभियेचा पेपर हाती लागला आज, अक्षर लपते काय त्याचं. लय शहाणा समजते सोताले, उतरवला त्याले, म्हणे. अन् हसले तुम्ही."

मी म्हणालो, तू तेव्हाच का बोलली नाहीस.

"तो पोरगा आला तेव्हा मी पाहून राहिली होती तुमच्याकडं. म्हटलं, आता सांगतीन, मंग सांगतीन. काहून नाही सांगितलं?"

ती उठून आत गेली आणि मी ताटातल्या उरलेल्या शेंगा मोडत बसलो.

१२ मेचं पान उघडून पाहिलं. 'कोणाचा कोण जाणे' असं माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे. जी डायरी कोणी वाचणार नाही, तिच्यातही मी खोटं लिहिलं. तेव्हा अज्ञानाचं सोंग पुरे. मला हार्लेम माहीत नव्हतं हे खरं. पण ते अक्षर मला माहीत होतं, आणि मी नोट्सपुढे जाणाऱ्या उत्तराला नव्हे, प्रश्न विचारणाऱ्या त्या पोराला चार गुण दिले. तो पोरगा दुसऱ्या कोणाच्या घरचा असता तर? हा प्रश्न लिहून ठेवतो. याचं उत्तर मला येतं, पण आज लिहायचं बळ नाही.

२३ जुलै, रविवार

कामठीला जाऊन आलो. आता संध्याकाळचे सात वाजले आहेत. जसं झालं तसं लिहितो.

बसस्टँडपासून विचारत विचारत गेलो. विहाराच्या मागची गल्ली, मातीच्या भिंतींना निळा रंग, दारापुढे सायकल. आतून ताराचंदचा आवाज येत होता. तो काही उतरवून देत होता. मी दाराबाहेर चपला काढायला वाकलो आणि तसाच राहिलो, कारण तो माझं वाक्य सांगत होता. कारण संपलं, म्हणून साहित्य संपलं. सावकाश, दोनदा, माझ्यासारखाच स्वल्पविरामापाशी थांबून.

चटईवर तिघं बसली होती, दोन मुलगे आणि एक मुलगी. वस्तीतली, यंदा एम. ए.ला गेलेली. ती मुलगी म्हणाली, पण दादा, तुम्ही तं म्हणता ते नंतर लिहीत राहिले. ताराचंद म्हणाला, "ते घरी वाचा. पेपरात हे लिहा. मी दुसरं लिहिलं अन् बसलो घरी. सर म्हणतात तं बरोबरच असंन, आपल्यालेच पुरतं समजलं नसंन."

मला आत जायचा धीर नव्हता आणि परत फिरायचाही नव्हता. त्यानेच मला पाहिलं. धावत आला, खुर्ची शेजारून आणवली, पोरांना उभं केलं. कोपऱ्यात त्याची आई, भागीरथाबाई, मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होती. तिने पदर सारखा केला पण हात थांबवले नाहीत.

मी त्याला म्हणालो, जरा बाहेर ये, बोलायचं आहे. तो म्हणाला, सर, इथंच सांगा ना, पोरांच्याही कानावर पडंन काहीतरी.

त्याच्या मनात काही नव्हतं. मग मी तिथेच सांगितलं. बसून सांगता येईना म्हणून उभं राहून. तुम्ही आत्ता वहीत लिहिलं ते खोटं आहे, ते वाक्य मी घाईत रचलेलं आहे, सात पानं गाळली म्हणून. ताराचंदने पेपरात लिहिलं ते खरं होतं, वीसपैकी चौदा तरी द्यायला हवे होते. चार मी दिले.

ताराचंद माझ्याकडे असं बघत होता की जणू मला बरं नाही आणि मला बसवायला हवं. म्हणाला, "असू द्या सर. एवढ्या पेपरांत होते."

तो माझी समजूत घालत होता. त्याहून मोठी शिक्षा मला कोणी देऊ शकलं नसतं.

भागीरथाबाईंचे हात आता थांबले होते.

"म्हंजे माह्या पोरानं बरोबर लिहिलं होतं?"

मी हो म्हणालो.

"महिना झाला, मास्तर, हा जेवताना मान वर करत नाही. म्हणे, माय, मीच कमी पडलो. येवढं शिकवलं सरनं अन् मीच कमी पडलो." त्यांनी सूप बाजूला ठेवलं. "तं तुम्ही तोंडानं नका सांगू. लिहून द्या."

त्या मुलीने तिच्या वहीतलं कोरं पान फाडून दिलं. मी जमिनीवर बसलो आणि विद्यापीठाला पत्र लिहिलं. तारीख, पेपर, प्रश्न, दिलेले गुण, द्यायला हवे होते ते गुण. चार वेळा फाडलेलं पत्र पाच मिनिटांत झालं. सही केली. भागीरथाबाई म्हणाल्या, मले वाचता येत नाही, तू वाच.

ताराचंदने वाचलं. "सदर उत्तर बरोबर असताना माझ्याकडून नजरचुकीने कमी गुण दिले गेले." तो छान वाचतो. एकही शब्द न अडखळता, शिकवायला उभा राहिल्यासारखा. त्याच्या तोंडून 'नजरचुकीने' हा शब्द ऐकला. नजर चुकलीच नव्हती. नजरेने त्याला बरोबर ओळखलं होतं. इतकी वर्षं लोकांना उतरवून द्यायची सवय, तेव्हा आताही मी सोयीचं तेच उतरवून दिलं होतं, आणि तो ते खरं धरून वाचत होता.

मी पान परत मागितलं. त्याला वाटलं, सहीत काही राहिलं. मी तो शब्द खोडला आणि वर लिहिलं: 'विद्यार्थ्याचे अक्षर ओळखून, त्याने वर्गात विचारलेल्या प्रश्नाचा राग मनात धरून.' ओळ वर चढली. पान त्याच्या हातात दिलं.

"आता पुन्हा वाच," त्याची आई म्हणाली.

त्याने सुरुवातीपासून वाचलं. त्या ओळीपाशी आला आणि थांबला. मनातल्या मनात ती पुन्हा वाचली असावी. मग त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. त्या बघण्यात आदर नव्हता, रागही अजून नव्हता. इतके दिवस स्वतःवर घेतलेलं काहीतरी तो उतरवून ठेवत होता, आणि ते कोणाचं आहे हे त्याला आता समजलं होतं. बाकीचं त्याने वाचलं नाही. आईला म्हणाला, "माय, झालं," आणि पान घडी न घालता मला परत दिलं. दारापर्यंत पोचवायला तो आला नाही.

पत्र समोर टेबलावर आहे. सत्यवती म्हणते, खाडाखोड आहे, चांगल्या कागदावर उतरवून काढा. नाही. उद्या दहा वाजता कचेरीत हेच देणार आहे.